कोलंबसला एका रात्रीत दाढी: तिकिटांच्या एका अल्बमचं थोडं कौतुक, बरीच कुरकुर

आधीच सांगून टाकते, अल्बम घेण्यासारखा आहे, पण तो ज्या क्रमाने लावलाय त्या क्रमाने बघू नका, सगळी मजा जाते. का ते पुढे येईलच, जरा लांबण लागणार आहे.

मागच्या हिवाळ्यात मी ऑनलाइन एका डीलरकडून हा मागवला. अमेरिकेचा इतिहास, कमेमोरेटिव्ह तिकिटांमधून. म्हणजे रोजच्या वापराची, वर्षानुवर्षं तीच तीच छापतात ती तिकिटं नाहीत, तर कुठल्या घटनेची शंभरी किंवा कुणाची आठवण म्हणून तेवढ्यापुरती काढलेली. किंमत १८० डॉलर, शिपिंग वेगळं. डीलरचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे बऱ्याच कुरकुरी आहेत आणि माणूस तसा सभ्य निघाला. तीन कड्यांचं जाडजूड बाइंडर, पानं सुटी, काढता-घालता येणारी (हे फार महत्त्वाचं, लक्षात ठेवा), प्रत्येक पानावर वर मथळा, खाली चार-पाच ओळींची माहिती, मध्ये काळ्या पाठीच्या प्लास्टिकच्या खिशांत खरी तिकिटं. दोनशेच्या थोडी वर आहेत. जुनी बहुतेक वापरलेली, शिक्का पडलेली, १९३० नंतरची बरीचशी कोरी. महागड्या तिकिटांच्या जागी नुसतं काळंपांढरं चित्र छापलंय. ते जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलं होतं हे कबूल, मीच नीट वाचलं नाही.

पहिलंच पान कोलंबसचं आणि तिथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. १८९३ ला शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, कोलंबसला अमेरिकेत पोचून ४०० वर्षं झाली म्हणून, आणि त्या निमित्ताने अमेरिकन पोस्टाने पहिल्यांदाच कमेमोरेटिव्ह तिकिटं काढली. एकदोन नाही, १६! १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत, सगळा सेट पोस्टात जाऊन घ्यायचा तर १६ डॉलर ३४ सेंट. तेव्हा साधं पत्र २ सेंटात जायचं, मग ५ डॉलरचं तिकीट कुणी कशावर चिकटवायचं? पोस्टमास्टर जनरल होता जॉन वॉनमेकर, फिलाडेल्फियातला मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचा मालक, म्हणजे मुळातला दुकानदार माणूस. त्याला बरोबर कळलं होतं की लोक तिकीट विकत घेऊन वापरणारच नाहीत, जपून ठेवतील, आणि जे तिकीट कधी पत्रावर लागतच नाही त्याचे पैसे म्हणजे पोस्टाला निव्वळ फायदा. संग्रह करणाऱ्यांनी तेव्हाही बोंब मारली की हे आम्हाला लुटणं आहे. आणि घेतलीही. आम्हा संग्राहकांची जात तेव्हापासून अशीच.

तर दाढीची गोष्ट. १ सेंटच्या तिकिटावर कोलंबसला जमीन दिसतेय, गडी गुळगुळीत दाढी केलेला. २ सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरतोय, म्हणजे फार तर दुसरा दिवस, आणि चेहऱ्यावर भरघोस दाढी! दोन तिकिटं दोन वेगळ्या चित्रकारांच्या चित्रांवरून घेतली (२ सेंटवालं वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे संसद भवनात लावलेल्या व्हँडरलिनच्या चित्रावरून) आणि शेजारी ठेवून कुणी बघितलीच नाहीत. अल्बमच्या माहितीत हे नाही. कोलंबस शूर होता, दर्यावर्दी होता, असलं काहीतरी लिहिलंय. अरे पण तिकीट समोर आहे ना, त्याच्यात काय दिसतंय ते तरी सांगा.

२ सेंटवालं १४० कोटींच्या वर छापलं गेलं त्यामुळे आजही कुठेही चिल्लर पैशांत मिळतं. मी भिंग लावून बसले तर माझ्या तिकिटावर कोलंबसच्या डावीकडच्या एका सरदाराच्या टोपीत खाच दिसली, ही संग्राहकांची ‘तुटकी टोपी’, छपाईच्या साच्याला इजा झाल्यामुळे आलेली. फार दुर्मिळ नाही, पण डीलरलाच पत्ता नव्हता की त्याने मला तुटक्या टोपीचं पाठवलंय, त्यामुळे उगाच लॉटरी लागल्यासारखं वाटलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला कुठेय टोपी. असो.

पुढचं पान उलटलं आणि १८९३ वरून थेट १९०७ वर उडी, जेम्सटाउन या इंग्रजांच्या अमेरिकेतल्या जुन्या वसाहतीचा सेट: कॅप्टन जॉन स्मिथ, वसाहतीची स्थापना, आणि ५ सेंटवर पोकाहॉन्टस, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी मुलगी, इंग्रज बाईसारखे कपडे घालून. त्याच्यानंतर १९२०, इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजाची ३०० वर्षं. (त्या तीन तिकिटांवर देशाचं नावच नाही, बघा शोधून, पोस्टाने युनायटेड स्टेट्स लिहिलंच नाही, तरीही सगळ्यांना कळलं कुणाची आहेत.) मग मला उलगडलं की अल्बम तिकीट कधी निघालं त्या वर्षाप्रमाणे नाही, घटना कधी घडली त्याप्रमाणे लावलाय. म्हणजे १४९२ ची घटना आधी, १६०७ ची नंतर, १६२० ची त्याच्या पुढे. ऐकायला बरोबर वाटतं. शाळेच्या पुस्तकासारखं. पण त्यामुळे काय गोंधळ होतो त्याचं भारी उदाहरण सांगते.

लुइझियाना खरेदीचं पान. १८०३ ला अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपीच्या पलीकडचा अवाढव्य मुलूख विकत घेतला, त्याचा १९०४ चा पाच तिकिटांचा सेट. १ सेंटवर लिव्हिंगस्टन, २ वर जेफरसन, ३ वर मन्रो, १० वर नकाशा. हे सगळे त्या व्यवहारातले, ठीक. आणि ५ सेंटवर राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली! जो जन्मलाच १८४३ ला, खरेदीनंतर ४० वर्षांनी! अल्बममध्ये तो १८०३ च्या मथळ्याखाली जेफरसनच्या शेजारी निवांत बसलाय आणि माहितीत एक शब्द नाही की हा इथे काय करतोय. कारण साधं आहे. सेंट लुइसच्या ज्या प्रदर्शनासाठी हा सेट निघाला त्याला मंजुरी देणाऱ्या कायद्यावर मॅकिन्लीची सही होती, आणि त्याच वर्षी, १९०१ च्या सप्टेंबरमध्ये बफेलोच्या दुसऱ्या एका प्रदर्शनात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्या बफेलोच्या प्रदर्शनाचीही तिकिटं आहेत, दोन रंगांत छापलेली, आगगाडी, जहाज, विजेवर चालणारी मोटारगाडी, नवं शतक आलं हो आलं असा एकूण थाट. आधी बफेलोचं पान बघायचं, मग १९०४ चं, की मॅकिन्लीचा चेहरा बघून आपोआप चटका बसतो. अल्बममध्ये या दोन पानांमध्ये बारा-पंधरा पानांचं अंतर आहे, तेही उलट्या क्रमाने.

मग मी काय केलं, एका रविवारी जेवणाचं टेबल रिकामं केलं, सगळी पानं कड्यांतून काढली आणि तिकीट निघालं त्या वर्षाप्रमाणे परत लावली. तीन तास गेले. आणि अल्बमच बदलला!

यादवी युद्धाची पानं घ्या. मूळ क्रमात ती छान एकापाठोपाठ येतात, लिंकन, सेनापती, मग तेरावी घटनादुरुस्ती, गुलामगिरी संपली, पुढचं पान. कसं सगळं वेळच्या वेळी झाल्यासारखं दिसतं. आता वर्षं बघा. १९३७ ला लष्कराच्या सेटमध्ये ४ सेंटच्या तिकिटावर रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, दोघेही दक्षिणेचे, अमेरिकेविरुद्ध लढलेले सेनापती, अमेरिकेच्याच तिकिटावर. आणि लीच्या गणवेशावर तीनऐवजी दोनच तारे दिसतात म्हणून दक्षिणेत गदारोळ झाला, वर ३ सेंटवर उत्तरेचे ग्रँट आणि शेरिडन, त्यांच्याबरोबर शेर्मन, जॉर्जियात जाळपोळ करत गेलेला तोच, आणि ३ सेंट म्हणजे तेव्हाचा साध्या पत्राचा दर, म्हणजे दक्षिणेतल्या माणसाने रोज त्याला जीभ लावायची! तेही पेटले. पण कुणी कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस तिकिटावर कधी आला? १९४० च्या एप्रिलमध्ये. बुकर टी. वॉशिंग्टन, शिक्षणतज्ज्ञ, १० सेंट, त्याच्या संस्थेच्या गावी, टस्कीगीला प्रकाशन. म्हणजे ली आणि जॅक्सननंतर तीन वर्षांनी. तेराव्या घटनादुरुस्तीचं तिकीटही १९४० चंच, ऑक्टोबरचं, दुरुस्ती झाली १८६५ ला. ७५ वर्षं! हे सगळं घटनेच्या क्रमात झाकलं जातं, आणि वर्षाच्या क्रमात लावलं की समोर येतं, कुणी भाष्य करायची गरजच पडत नाही. आता माझ्या बाइंडरमध्ये लीचं पान डावीकडे आणि बुकर वॉशिंग्टनचं उजवीकडे आहे.

तसंच पुढे १९६३. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची शंभरी, ५ सेंट, तुटलेली साखळी, बाकी काही नाही. डिझाइन जॉर्ज ओल्डनचं, अमेरिकन तिकिटाचं डिझाइन करणारा पहिला कृष्णवर्णीय कलाकार. १६ ऑगस्टला शिकागोत निघालं आणि त्यानंतर १२ दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये तो नागरी हक्कांसाठीचा प्रचंड मोर्चा. मूळ अल्बममध्ये हे १८६३ च्या पानावर लिंकनच्या दाढीशेजारी चिकटवलेलं होतं!! आणि गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन आली १९७८ ला, १३ सेंटवर. बायकांचंही तेच, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनीचं जांभळं तिकीट १९३६ चं, बायकांना मताचा हक्क मिळून १६ वर्षं झाल्यावर.

आता माझी फजिती. १९३० च्या दशकातली पानं सगळ्यात छान भरलीत कारण तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिकिटं जमवायचा, पोलिओनंतर चालता येत नव्हतं, संध्याकाळी अल्बम घेऊन बसायचा, आणि नव्या तिकिटांच्या डिझाइनमध्ये स्वतः लक्ष घालायचा. त्याचा पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली. हे महाशय छापखान्यातून कडा न टोचलेल्या अख्ख्या शीट्स दर्शनी किमतीला घ्यायचे आणि साहेबांना, मित्रमंडळींना भेट द्यायचे. संग्राहकांना कळल्यावर केवढा आरडाओरडा झाला, प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत, म्हणजे संसदेपर्यंत गेलं, शेवटी १९३५ ला तशाच शीट्स सगळ्यांसाठी पुन्हा छापून विकाव्या लागल्या. अल्बममध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या सेटमधली अशी दोन तिकिटं आहेत, कडा सरळ कापलेली. मी चिमट्याने उलटून बघितली तर मागे गोंदच नाही! लगेच डीलरला कडक मेल, कोरी म्हणून विकली आणि गोंद धुतलेली पाठवली, फोटो सोबत जोडलाय, पैसे परत करा वगैरे. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं, मॅडम, ही १९३५ ला विनागोंदच विकली होती. शोधून बघितलं, खरंच तसंच होतं. इतकी लाज वाटली की पुढची खरी तक्रार करायला आठवडा लावला.

खरी तक्रार ही की खिसे नीट नाहीत. साताठ खिशांची खालची बाजू चिकटलेलीच नव्हती, पान उभं धरलं की तिकीट सरकून खाली येतं, एक तर थेट गालिच्यावर पडलं आणि मांजर त्याच्यावर बसलं. मेफ्लॉवरच्या सेटमधलं ५ सेंटवालं मागून सोललेलं, उजेडात धरलं की कागद पातळ झालेला लख्ख दिसतो, जुन्या हिंज (तिकीट पानाला चिकटवायच्या कागदी पट्ट्या) ओढून काढल्या की होतं तसं. हे त्याने बदलून दिलं, कुरकुर न करता. छपाईच्या चुका आहेतच, दोन ठिकाणी वर्षच चुकलंय. आणि बाइंडरच्या कड्या नीट मिटत नाहीत, पानं अडकतात.

माहिती लिहिणाऱ्याने मात्र घोर निराशा केली. १८९८ च्या ओमाहा प्रदर्शनाच्या सेटमध्ये १ डॉलरचं तिकीट आहे, वादळात सापडलेली गुरं. फार सुंदर आहे, बरेच जण याला अमेरिकेचं सगळ्यात देखणं तिकीट म्हणतात. अल्बममध्ये चित्रच आहे अर्थात, खरं घ्यायचं तर माझं घर विकावं लागेल. खाली लिहिलंय की अमेरिकेच्या पश्चिमेतल्या कष्टाळू जीवनाचं दर्शन. हो का? ती गुरं स्कॉटलंडची आहेत! मॅकव्हर्टर नावाच्या स्कॉटिश चित्रकाराच्या चित्रावरून उचललेली. म्हणजे अमेरिकन पश्चिमेचं सर्वात गाजलेलं तिकीट, आणि त्याच्यातलं एकही जनावर अमेरिकन नाही, आणि ही गंमत अल्बम सांगत नाही.

युद्धाची पानं बरी आहेत. इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा रोवतायत ते हिरवं तिकीट आहे, फोटो फेब्रुवारी १९४५ चा आणि तिकीट जुलैत हजर. जिवंत माणसं तिकिटावर नकोत या नियमाची अडचण आली होती कारण झेंडा लावणाऱ्यांपैकी काही जण जिवंत होते, पण लोकांचा रेटाच एवढा होता की काढलंच. आणि त्यानंतर तीन वर्षांत काय, तर कोंबडी. खरंच, १९४८ ला अमेरिकन कुक्कुटपालन धंद्याची शंभरी म्हणून ३ सेंटवर एक रुबाबदार कोंबडा आहे. त्या सुमाराला ज्याला त्याला आपापलं तिकीट हवं होतं, खासदारांकडून वशिला लावायचा की झालं, १९५३ ला ट्रकवाल्यांचं पण निघालं. शेवटी १९५७ ला कुणाचं तिकीट काढायचं यासाठी नागरिकांची सल्लागार समिती बसवावी लागली. मूळ अल्बमने कोंबडा गाळलाय बरं का, इतिहासात बसत नाही म्हणून असेल. मी सुटा विकत घेतला आणि लावला. कोंबड्याशिवाय १९४८ कसलं.

गांधीजींचं तिकीट बघून मात्र थबकले. २६ जानेवारी १९६१, स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते या मालिकेत, ४ आणि ८ सेंट. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते. अल्बममध्ये यांना परदेशी पाहुणे नावाच्या पानावर शेवटी टाकलंय. १९६१ च्या जागी आणलं तर त्यांच्या लगेच पुढे १९६२ चं मर्क्युरी अंतराळयानाचं तिकीट येतं, त्याची गोष्टही झकास आहे. गुपचूप छापलं, सीलबंद पाकिटांतून शेकडो पोस्ट ऑफिसांत पाठवलं, आत काय आहे हे पोस्टमास्तरांनाही माहीत नाही, आणि २० फेब्रुवारीला जॉन ग्लेन पृथ्वीला फेऱ्या मारून सुखरूप उतरल्यावर हुकूम आला की पाकिटं फोडा आणि विकायला लागा. काही विपरीत झालं असतं तर ती पाकिटं तशीच परत गेली असती. १९६९ च्या चंद्राच्या तिकिटाचा तर छपाईचा मूळ ठसाच अपोलो ११ मधून चंद्रावर नेऊन आणला होता.

१९७६ नंतर अल्बमची पानं विरळ होत जातात, रंगीत शीट्स कोंबल्यात, भराभर उलटा. फक्त १९९४ च्या ‘पश्चिमेच्या दंतकथा’ शीटपाशी थांबा. त्याच्यात बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयच्या जागी त्याच्या भावाचा चेहरा छापला गेला होता, शीट्स परत मागवाव्या लागल्या, पण काही आधीच विकल्या गेल्या होत्या, मग सगळ्यांना समान संधी म्हणून पोस्टाने चुकीच्या दीड लाख शीट्स सोडत काढून विकल्या. वॉनमेकर असता तर खूश झाला असता. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या १९९५ च्या शीटवर अणुबॉम्बच्या ढगाचं तिकीट येणार होतं, जपानने हरकत घेतली, शेवटी त्याच्या जागी युद्धसमाप्ती जाहीर करणारा ट्रुमन आला. अल्बममध्ये ट्रुमन आहे. तो कुणाच्या जागी बसलाय ते नाही.

आता घ्यायचा का. खोक्यावर लिहिलंय की पिढ्यान्‌पिढ्या किंमत वाढत जाणारा ठेवा. साफ खोटं. १९३० ते ५० मधली ३ सेंटवाली कोट्यवधी छापली गेलीत, कोरी असली तरी डीलर दर्शनी किमतीलासुद्धा घेत नाहीत, लोक ती पत्रांना चिकटवून संपवतात. आणि चालतात बरं का, अमेरिकेत १८६१ पासूनचं कुठलंही पोस्टाचं तिकीट आजही पत्रावर चालतं. हीच तिकिटं सुटी जमवलीत तर माझ्या हिशोबाने निम्म्याहून कमी पैसे लागतील, फक्त एक-दोन वर्षं जातील. ज्यांना तेवढा धीर नाही किंवा मुलांना एकदम हातात काहीतरी द्यायचंय त्यांनी हा घ्यावा, खिसे आल्या आल्या तपासावेत. डॉलरवाले कोलंबस बघायचे असतील तर वॉशिंग्टनला युनियन स्टेशनच्या शेजारी स्मिथसोनियनचं पोस्टल म्युझियम आहे, फुकट आहे, भिंतीतल्या चौकटी बाहेर ओढून एकेक तिकीट जवळून बघता येतं, पाय दुखेपर्यंत बघा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तुटक्या टोपीचा. शेवटी काही कोरी पानं दिलीत त्यातल्या एकावर मी २०१६ चं दिवाळीचं तिकीट लावलंय, पणतीचं. बाइंडरच्या कड्या नवऱ्याने पक्कड घेऊन सरळ करून बघितल्या, आता मधली अजिबातच मिटत नाही. नवीन बाइंडर पाठवतो म्हणालाय डीलर, अजून आलेलं नाही.